मोठ्या यॉटवर खासगी शेफ व्हायचे आहे. एजंट साडेचार लाख मागतो आहे, द्यावेत का?

बेदाणा_तासगाव (प्रश्न)

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, वय २६. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेऊन गेली चार वर्षे पुण्यातील एका मोठ्या हॉटेलच्या कॉन्टिनेन्टल विभागात काम करतो आहे आणि सध्या कॉमी वन, म्हणजे कनिष्ठ स्वयंपाकी, आहे. हॉटेलात दिवसभर एकाच टेबलावर सॉस करत राहण्यापेक्षा, श्रीमंतांच्या खासगी यॉटवर संपूर्ण स्वयंपाकघर एकट्याने सांभाळणारा शेफ व्हावे, असे दोन वर्षांपासून मनात आहे.

गेल्या महिन्यात मिरजेतील एका एजंटाची ओळख झाली. दुबईत चाळीस मीटरच्या यॉटवर थेट शेफची जागा आहे, महिना तीन लाख रुपये मिळतील, कसलीही परीक्षा नाही, आधी व्हिजिट व्हिसावर जायचे आणि करार तिथे पोहोचल्यावर करायचा, असे त्याचे म्हणणे आहे. त्यासाठी तो साडेचार लाख मागतो, त्यातले निम्मे आत्ताच. वडील यंदाचा बेदाणा शीतगृहात ठेवून भाव वाढण्याची वाट पाहणार होते, पण माझ्यासाठी तो येत्या सौद्यातच काढायला निघाले आहेत.

हा मार्ग खरा असतो का? कोणती कागदपत्रे लागतात? चार वर्षांचा अनुभव पुरेसा आहे का? आणि यॉटवरचे काम व क्रूझवरचे काम यांत नेमका फरक काय? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

चीफकुक_कराड

पैसे देऊ नका. हे सर्वांत आधी लिहितो, कारण बाकीचे सावकाश वाचता येईल, सौदा मात्र आधी थांबवावा लागेल.

मी सतरा वर्षे व्यापारी जहाजांवर स्वयंपाक करतो, त्यामुळे यॉटच्या गॅलीबद्दल, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघराबद्दल, अधिकाराने बोलणार नाही. परंतु समुद्रावरच्या नोकरीचे कायदे आणि कागद यांबद्दल सांगू शकतो. जहाजावर माणसे पाठवणाऱ्या भारतातील संस्थेकडे डीजी शिपिंगचा (केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना असावा लागतो आणि त्या संस्थेला नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराचाही तोच दंडक आहे. परवानाधारक संस्थांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर नाव आणि क्रमांकासह पाहता येते. एजंट जर म्हणाला की, ही जहाजाची नव्हे, आखातातील साधी नोकरी आहे, तर मग त्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी हवी, आणि त्या नियमांनुसारही उमेदवाराकडून तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. साडेचार लाख हा आकडा कोणत्याच नियमात बसत नाही.

व्हिजिट व्हिसा आणि "करार तिथे गेल्यावर" हे दोन शब्दप्रयोग एकत्र ऐकू आले की उठून यावे. माझ्या मावसभावाने असेच दोन लाख भरले होते. शारजात एका खोलीत अकरा जणांबरोबर सत्तर दिवस राहून तो परत आला. यॉट त्याला दिसल्या त्या मरीनाच्या कठड्यावरून.

आता कागदपत्रे. इंडॉस क्रमांक (खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक), डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी, एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसारचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण आणि सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका. मूलभूत प्रशिक्षणात पाण्यात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार आणि वैयक्तिक सुरक्षितता हे भाग असतात. त्यांना जोडून सुरक्षाविषयक कर्तव्यांचा छोटा अभ्यासक्रम करतात. सगळे मिळून साधारण दोन आठवड्यांचे काम आहे आणि खर्च हजारांत असतो, लाखांत नाही. पहिल्या दोन भागांची उजळणी दर पाच वर्षांनी करावी लागते. आमच्याकडची मुले कृष्णेत पोहायला शिकलेली असल्यामुळे या प्रशिक्षणाला हसतात. पण जीवरक्षक जाकीट घालून उंचावरून उडी मारल्यावर, पाण्यात उलटा पडलेला रबरी तराफा दोर धरून एकट्याने सरळ करायचा असतो, तेव्हा हसू मावळते. मी स्वतः दोनदा त्याच्याखाली अडकलो होतो.

मेणवलीकर

वरील प्रतिसादाशी पूर्णपणे सहमत आहे. मी मूळचा वाईजवळचा, चार वर्षे क्रूझवर आणि त्यानंतर नऊ वर्षे यॉटवर काम केले. त्यातली शेवटची सहा वर्षे एकटा शेफ म्हणून. तुमच्या चार प्रश्नांपैकी अनुभवाच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते कटू आहे. कॉमी वनवरून थेट एकट्या शेफच्या जागेवर चांगली यॉट कोणाला घेत नाही, आणि जी घेते तिच्यावर जाऊ नये. तिथे आधीचा शेफ हंगामाच्या मध्येच का सोडून गेला, याची चौकशी करावी.

ढोबळमानाने चोवीस मीटर आणि त्याहून लांब बोटीला या व्यवसायात मोठी यॉट समजतात. माझी एकट्याने सांभाळलेली पहिली यॉट बेचाळीस मीटरची होती. पाहुणे दहा, क्रू नऊ आणि गॅली आपल्याकडच्या चाळीतल्या स्वयंपाकघराएवढी. क्रूझवर मी आठ महिने फक्त अंडी आणि ब्रेकफास्टची फळे केली होती, हजारोंच्या हिशेबात. यॉटवर पहाटेच्या ब्रेडपासून रात्रीच्या गोडापर्यंत आणि फ्रीज पुसण्यापासून मासळीच्या पैशांपर्यंत सारे एकाच माणसाकडे असते. शिवाय पाहुण्यांचे तीन वेळचे जेवण ही निम्मीच नोकरी आहे. क्रूला दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला वेळेवर गरम जेवण लागते, आणि यॉटवर शेफचे नाव पाहुण्यांपेक्षा क्रूच्या तोंडून होते किंवा जाते. पुढच्या नोकरीसाठी कॅप्टन ज्यांना तुमच्याबद्दल विचारतो ते हेच लोक.

चार्टर, म्हणजे पाहुण्यांनी यॉट भाड्याने घेऊन केलेली सफर, सुरू होण्याच्या काही आठवडे आधी पाहुण्यांनी भरलेला आवडीनिवडींचा अर्ज येतो. कोणाला कोथिंबीर चालत नाही, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, लहान मुलाला फक्त पास्ता. युरोपच्या कायद्यात ॲलर्जी करणारे चौदा घटक ठरवून दिलेले आहेत आणि ते झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजेत. आपल्याकडच्या शेफने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे ग्लुटेन न चालणाऱ्या पाहुण्याच्या वरणाला ती फोडणी देता येत नाही.

त्या अर्जावरून सामानाची यादी करायची. खर्च चार्टरच्या भाड्याव्यतिरिक्त आगाऊ घेतलेल्या रकमेतून होतो. ही रक्कम साधारणपणे भाड्याच्या पंचवीस ते पस्तीस टक्के असते आणि तिच्यातच इंधन व बंदराचे शुल्कही येते, म्हणून प्रत्येक पावती जपावी लागते. दहा पाहुणे, नऊ क्रू आणि सात दिवस म्हटले तर नुसती अंडीच तीनशेच्या आसपास लागतात. फ्रान्समधल्या आन्तीब बंदराच्या धक्क्यावर पुरवठादाराची गाडी सकाळी सात वाजता येते आणि तिथून खोकी गॅलीत नेण्यापूर्वी पुठ्ठे काढून टाकावे लागतात, कारण पुठ्ठ्याच्या पन्हाळीतून झुरळांची अंडी बोटीवर येतात. एकदा नांगर उचलला की विसरलेली वस्तू विसरलेलीच.

समुद्राबद्दलही सांगतो. यॉटवर बहुतेक वेळा गॅसऐवजी इंडक्शन असते, भोवती भांडी अडवणारे धातूचे कठडे असतात आणि ओव्हनच्या दाराला कडी असते. कॉर्सिका आणि सार्डिनिया यांच्यामधल्या बोनिफासिओच्या सामुद्रधुनीत एकदा दुपारी मिस्ट्राल वारा अंदाजापेक्षा लवकर सुटला. मी ओव्हनमधले लिंबाचे टार्ट पाहून दार लोटले, पण कडी लावली नाही. पुढच्या लाटेला दार उघडले आणि बारा टार्टांचा ट्रे सरळ समोरच्या कपाटावर जाऊन आदळला. गोड वाढायला चाळीस मिनिटे होती. अंजिरे होती, मध होता, ताजे चीज होते. तेच कापून पाठवले. पाहुण्यांना काही कळले नाही, मात्र कस्टर्ड फरशीच्या फटींतून काढताना रात्रीचे दीड वाजले.

कामाचे तास हा सर्वांत नाजूक विषय आहे. सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत किमान दहा आणि सात दिवसांत किमान सत्याहत्तर तास विश्रांती मिळाली पाहिजे. परंतु हा करार चार्टर करणाऱ्या व्यावसायिक यॉटना लागू होतो. निव्वळ मालकाच्या वापरातल्या खासगी यॉटना तो सहसा लागू नसतो. म्हणून करारपत्रावर सही करण्यापूर्वी यॉट कोणत्या प्रकारात नोंदलेली आहे, हे विचारावे.

पगाराबद्दल: क्रूसाठी स्वयंपाक करणारा दुय्यम शेफ म्हणून मी महिना तीन हजार युरोंवर सुरुवात केली आणि एकटा शेफ झाल्यावर साडेपाच हजार मिळू लागले. चार्टर असेल तर वर टिप. भूमध्य समुद्रात ती भाड्याच्या पाच ते पंधरा टक्के असते आणि बहुतेक यॉटवर सर्वांत सारखी वाटतात. राहणे-जेवणे यॉटचे. हंगाम भूमध्य समुद्रात साधारण मे ते सप्टेंबर आणि कॅरिबियनमध्ये डिसेंबर ते एप्रिल असतो. मधल्या काळात कायमची नोकरी नसेल तर पगारही नसतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

माझा सल्ला असा की, आधी परवानाधारक संस्थेमार्फत क्रूझवर दोन करार करा. सीडीसीवर समुद्रावरची सेवा दिसू लागते, पाण्याची सवय होते, आणि तेवढ्यात सुट्टीच्या दिवसांत ब्रेड व पेस्ट्री शिकून घ्या. एकट्या शेफचे पितळ उघडे पडते ते तिथे.

बेदाणा_तासगाव

दोघांचेही मनापासून आभार. एजंटाला आरपीएसएल क्रमांक विचारला. "तसले कागद मुंबईच्या ऑफिसात असतात" असे उत्तर आले आणि नंतर फोन उचलला नाही. वडिलांना बेदाणा काढू नका, असे सांगितले आहे.

आणखी तीन शंका आहेत. युरोपात जाऊन धक्क्यावर यॉट-यॉटला फिरून काम मागतात असे व्हिडिओत पाहिले, ते आपल्याला जमेल का? आपल्या पद्धतीच्या जेवणाचा तिथे काही उपयोग होतो का? आणि तिसरी शंका आईची आहे. आमचे घर माळकरी, वडील दरवर्षी आळंदीहून पायी वारी करतात. मी मांसाहार करतो, पण गोमांस शिजवण्याचा प्रसंग आला तर काय?

मेणवलीकर

धक्क्यावर फिरून काम मागणारी मुले बहुतांशी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेची असतात. आपल्याला शेंगेन व्हिसा आधी घ्यावा लागतो, तो एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसांचा असतो आणि पर्यटनाच्या व्हिसावर काम करणे बेकायदेशीर ठरते. त्यामुळे आपल्या पासपोर्टवर क्रम उलटा असतो: आधी मुलाखत आणि करारपत्र, मग यॉटच्या पत्रावर व्हिसा, मग बंदरात साइन ऑन, म्हणजे क्रूमध्ये नोंद. अमेरिकेच्या पाण्यात जाणाऱ्या परदेशी झेंड्याच्या (म्हणजे परदेशात नोंदलेल्या) यॉटवरचा क्रू बहुधा बी-वन/बी-टू व्हिसावर जातो. हा व्हिसा आधीपासून पासपोर्टवर असलेल्या उमेदवाराचा अर्ज कॅप्टन वर ठेवतो. ब्रिटिश परंपरेतल्या झेंड्यांखालच्या यॉटवर ईएनजी वन हे वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात आणि ते जास्तीत जास्त दोन वर्षे चालते. घाईने आत्ताच काढून वाया घालवू नका.

आपल्या जेवणाचा उपयोग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा अधिक होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची आणि लंडनची गुजराती, मारवाडी कुटुंबे यॉट भाड्याने घेतात. कांदा, लसूण, बटाटा, गाजर काहीच नको, असा अर्ज आला की युरोपियन शेफ हात टेकतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नियम मात्र तिकडे सोपा जातो, कारण जुलैत सूर्य मावळायलाच रात्रीचे नऊ होतात. माझ्या क्रूचे सर्वांत आवडते जेवण म्हणजे इस्लामपूरकडच्या धाब्यावरचा अख्खा मसूर आणि जाड पोळी. दर गुरुवारी तेच मागत.

गोमांसाबद्दल खरे तेच सांगतो. एकट्या शेफला ते शिजवावे लागते, आणि चव न घेता ताट बाहेर पाठवता येत नाही. मला ते जमले, माझ्या एका मित्राला जमले नाही. त्याने कॅप्टनला मुलाखतीतच सांगितले आणि शाकाहारी भारतीय कुटुंबाच्या खासगी यॉटवर नोकरी धरली. अशा जागा मोजक्या आहेत. मुलाखतीत लपवून ठेवणे आणि गॅलीत गेल्यावर नाही म्हणणे, हे मात्र करू नका. आईशी या विषयावर निघण्यापूर्वी बोलून घ्या.

अजिंक्यतारा_७

मी सातारची. पाच वर्षे यॉटवर स्ट्युअर्डेस, म्हणजे पाहुण्यांची सरबराई पाहणारी, होते, त्यामुळे शेफ मंडळींना दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. मेणवलीकर यांचे बहुतेक सगळे पटते, एक मुद्दा पटत नाही. दोन वर्षे क्रूझवर एकच पदार्थ हजारांच्या हिशेबात केल्याने यॉटचा शेफ घडतो, असे मला वाटत नाही. मुंबईत किंवा दुबईत एखाद्या श्रीमंत कुटुंबाच्या घरी खासगी स्वयंपाकी म्हणून वर्षभर काम केले, तर रोज बदलता मेनू, एकाच घरातल्या सहा जणांच्या सहा आवडी आणि ऐन वेळी वाढलेले आठ पाहुणे यांची जी सवय होते, ती यॉटवर अधिक उपयोगी पडते. समुद्रावरची सेवा नोंदपुस्तिकेत हवी, हे खरे. पण त्यासाठी क्रूझचा एक करार पुरे.

आता शेफच्या कौशल्याइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे स्वभाव. क्रूची केबिन दोघांत एक, एकावर एक बिछाने, आणि भिंतीपलीकडे जनरेटर. माझ्या दुसऱ्या यॉटवरचा शेफ हात जोडावेत असे मासे करायचा, पण प्लेट न्यायला अर्धा मिनिट उशीर झाला की पळी फेकायचा. हंगाम संपण्यापूर्वी त्याला उतरवले. त्याच्यानंतर आलेला त्याच्या निम्म्यानेही चांगला नव्हता. तो तीन वर्षे टिकला.

सांगलीकडचे आहात म्हणून एक विनंती: घरची राजापुरी हळद आणाल, तर बरणी दुहेरी पिशवीत ठेवा. यॉटवर ओटा पांढरा, गाद्या पांढऱ्या, नॅपकिन पांढरे. आमच्या एका भारतीय शेफने हळदीच्या हाताने वीस नॅपकिनांची चळत उचलली होती. हळदीचा डाग साबणाने जात नाही, पण उन्हात ठेवला की फिका पडत जातो, हे मला आजीमुळे माहीत होते. मात्र पाहुणे असताना पुढच्या डेकवर कपडे वाळत घालायला कॅप्टन तयार नव्हता. शेवटी सकाळी सहा ते आठ असे तीन दिवस मी त्यांना ऊन दिले.

मेणवलीकर

घरगुती नोकरीचा मुद्दा मान्य आहे; मला तो मार्ग ठाऊक नव्हता म्हणून सुचला नाही. हळदीचा तो शेफ मी नव्हे, हे नोंदवून ठेवतो.

तासगावकर, निवड अंतिम टप्प्यात आली की यॉटवर एक-दोन दिवस चाचणी घेतात. फ्रीजमध्ये असेल त्यात क्रूचे जेवण आणि पाहुण्यांसाठी तीन-चार पदार्थांचे ताट करून दाखवायचे असते. स्वयंपाक चालू असताना ओटा किती स्वच्छ राहतो आणि कचऱ्यात काय जाते, हे कॅप्टन पाहतो. भूमध्य समुद्रात बारीक केलेले उष्टे अन्नसुद्धा किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत टाकता येत नाही, प्लॅस्टिक तर कुठेच नाही. म्हणून कचरा कमी करणारा शेफ सर्वांना हवा असतो.

याची तालीम घरी करता येते. सांगलीच्या बाजारातून एकदाच सामान आणा, नऊ माणसांना सात दिवस दोन वेळा जेवू घाला, एकही पदार्थ पुन्हा करू नका आणि काहीही संपले तरी दुकानात जाऊ नका. एकच ओव्हन, दोनच शेगड्या. रोज काय उरले, काय फुकट गेले, ते वहीत लिहा.

बेदाणा_तासगाव

सर्वांचा ऋणी आहे. मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणासाठी मुंबईच्या एका मान्यताप्राप्त संस्थेत नाव नोंदवले आहे आणि पुण्यात एका कुटुंबाकडे खासगी स्वयंपाक्याची मुलाखत आहे. आईशी बोललो. ती गप्प राहिली, मग म्हणाली, माळ वडिलांची आहे, तुझी नाही; पण घरी आल्यावर त्यांच्यापुढे तो विषय काढू नकोस.

रजा घेऊन सात दिवसांची तालीमही सुरू केली. घरचे सहा आणि बेदाण्याच्या शेडवरचे तीन, असे बरोबर नऊ जण. तिसऱ्या दिवशी सकाळी लिंबे संपली, आणि कोथिंबीर फ्रीजच्या मागच्या बाजूला गोठून काळी पडली. चौथ्या दिवसाच्या मेनूत दोन्ही आहेत. घरात चिंच आणि कोकम आहे, त्यावर निभावतो आहे. पण हिरव्या रंगाचे काहीच उरलेले नाही. कोथिंबीर सात दिवस टिकवायची तुमची पद्धत काय आहे?

मेणवलीकर

धुऊ नका. मुळे कापून, कोरड्या कागदात सैल गुंडाळून डब्यात ठेवा, कागद दर दिवसाआड बदला, आणि डबा फ्रीजच्या दाराकडच्या बाजूला ठेवा, मागच्या भिंतीला टेकवू नका. देठ वेगळे काढून पहिल्या दोन दिवसांत वाटणात संपवा.